चार बोटं उघडी दुमड

सायली आणि ओंकार,

गेल्या रविवारी फोनवर सायलीने मागितलं ते साधंच होतं. तिची मैत्रीण महिन्याभरात पुण्याहून टोरांटोला परत जाणार आहे, तिच्याबरोबर होणाऱ्या बाळासाठी पाच झबली पाठव, आजी, तुझ्या हातची. मी हो म्हटलं. मग सांगितलं, की प्रत्येक झबल्याची खालची दुमड एका बाजूला चार बोटं उघडी असेल. सोबत सुई-दोरा ठेवीन. बाळ हातात आलं की ती तू स्वतः शिव.

सायली हसली. "आजी, तू? ग्रहण सुरू असताना आम्हाला मुद्दाम पोहे करून खायला घालणारी तू?" मागून ओंकार काहीतरी म्हणाला आणि तुम्ही दोघं बहीणभाऊ हसलात. मी तिकडच्या थंडीची चौकशी करून विषय बदलला.

फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली आहेत, तरी सुईत दोरा ओवायला आता मला चार खेपा लागतात. ही पाच झबली बहुधा माझ्या हातची शेवटची. म्हणून त्यांच्या दुमडीचं कारण त्यांच्याबरोबरच पाठवते आहे. सावकाश वाचा.

आजी शिवणक्लास चालवायची एवढं तुम्हाला माहीत आहे. मला मात्र शिवणक्लास चालवायचा नव्हता. मी अमरावतीला इंग्रजी घेऊन बी. ए. झाले आणि लग्न होऊन बुलढाण्याजवळच्या धाड या गावी आले. तुमचे आजोबा इथल्या हायस्कुलात गणित शिकवत. मला वाटलं होतं, मीही तिथेच इंग्रजी शिकवीन. जागा निघाली नाही, पुढे निघाली तेव्हा माझं वय उलटलं होतं. माहेरहून आलेलं एक मशीन मात्र होतं. शेजारच्या दोन मुली शिकायला बसल्या, मग सहा झाल्या, मग पुढच्या खोलीत सहा मशीन आली आणि वीसेक वर्षं ती खोली रिकामी राहिली नाही. मापं मी इंग्रजीत लिहून ठेवत असे, रेघा मारलेल्या वहीत, लाल शाईने शीर्षकं देऊन. मुली तिला 'बाईची विंग्रजी वही' म्हणत आणि हात लावायला घाबरत. मला ते आवडत असे, हेही कबूल करते.

आम्ही फॅशनचं काही शिकवत नव्हतो. घराला लागतं ते शिकवायचो. बाजाराची पिशवी, उशीचे अभ्रे, पायपुसणं, शाळेचं दप्तर, मुलांच्या चड्ड्या, झबली, टोपडी, लंगोट. बहुतेक सगळं जुन्यातून. धोतर कधी मधे विरतं, कधी काठाशी, पण सगळंच एकदम विरत नाही. एका जुन्या धोतरातून नीट बेतलं तर पाच झबली, चार लंगोट आणि एक टोपडं निघतं, आणि उरलेल्या पट्टीच्या नाड्या होतात. खताच्या पोत्याला आतून जुन्या लुगड्याचं अस्तर लावलं की दोन पावसाळे टिकणारं दप्तर होतं. धाडच्या शाळेत एके काळी अर्ध्या वर्गाच्या पाठीवर युरियाचं नाव असायचं.

झबलं दिसतं सोपं, पण चुकतं फार. तान्ह्या बाळाचा हात आपल्याला हवा तसा वळत नाही, म्हणून बाही सैल आणि मुंढा खोल ठेवायचा. बटण लावायचं नाही, नाडी लावायची. शिवण अंगाच्या बाजूला येऊ द्यायची नाही, बाहेर ठेवायची. लोकांना ते उलटं घातल्यासारखं दिसतं, दिसू द्यावं. आणि खालची दुमड मशीनवर मारायची नाही. मशीनची टीप कडक असते, बाळाच्या पोटाला रुतते. तिथे हाताने तुरपाई करायची, लांब टाक्यांची, मऊ.

गिऱ्हाइकंही यायची. धामणगाव बढ्याचे एक गृहस्थ दोन गाड्या बदलून धाडला लेकीकडे आले होते. बायको वारून महिना झाला होता. तिची दोन लुगडी त्यांनी माझ्यासमोर ठेवली आणि नातीसाठी दोन फ्रॉक सांगितले. फ्रॉक घ्यायला आले तेव्हा त्यांनी ते उघडूनही पाहिले नाहीत. म्हणाले, "उरलं असन ते बी द्या."

"उरलं ते चिंध्या आहेत, दादा."

"असू द्या ना. तुमाले काय कराच्या हायेत?"

मी टोपलीतून त्यांच्या लुगड्याच्या चिंध्या वेचून दिल्या. त्यांनी त्या एकेक घडी करून खिशात ठेवल्या. मी त्या दिवसापासून गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय चिंधी टाकली नाही. अशा गोष्टी मी चटकन शिकत असे. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

मंदा देऊळघाटची, धाडला दिलेली. वीस वर्षांची असेल. तिची सासू गोदाबाई आठवडी बाजारात भाजी विकायची; वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, सगळं घरच्या मळ्यातलं. मंदाला शिकायचं होतं आणि सासू सोडत नव्हती, म्हणून मी बाजारात जाऊन गोदाबाईंच्या पुढ्यातच बसले.

"मंदाला क्लासला पाठवा, गोदाबाई."

"काऊन? घरी का कामं कमी हायेत?"

"शिकली तर घरचं शिवेल. तुमची पोलकी शिवेल."

"माह्या पोलक्याचा गळा कापता कापता माहाच कापन ते." आजूबाजूच्या बाया हसल्या. गोदाबाई हसल्या नाहीत. मेथीची जुडी उलटी करून मुळं पाहत राहिल्या. माल उलटा करून पाहायची त्यांना सवयच होती. शेवटी म्हणाल्या, "धाडतो. पन दुपारचं. सकाळची मळ्यात लागते मले."

मंदासारखा हात मी पुन्हा पाहिला नाही. तिची तुरपाई कापडाच्या सुलट बाजूने शोधून सापडत नसे. सहा महिन्यांत ती माझ्याहून चांगलं बेतू लागली. मग तिला दिवस गेले, आणि तिच्या आठव्या महिन्यात आमची सरकारी परीक्षा आली.

परीक्षेला प्रत्येकीने तान्ह्या बाळाचा एक संच करून ठेवायचा असे. दोन झबली, टोपडं, लंगोट, दुपटं. नव्या कापडाचा, कारण नियमात तसं लिहिलं होतं. आता आपल्याकडे बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही शिवत नाहीत. जन्मल्यावर पहिलं झबलंसुद्धा आजोबांच्या जुन्या धोतराचं. बाकीच्या मुलींना अडचण नव्हती, त्यांनी बहिणीच्या, नणंदेच्या मुलांचं नाव घेऊन संच केले. मंदाचं पोट मात्र सगळ्यांना दिसत होतं.

ती माझ्याकडे आली. "बाई, मी करतो संच. सासूले इचारलं. ते हाव म्हनते. फक्त एका झबल्याची खालची दुमड चार बोटं उघडी ठेवाची म्हनते. मंग संच पुरा झाला असं होत नाई. लेकरू झाल्यावर शिवाची."

"मार्क जातील, मंदा."

"जाऊ द्या."

"तुझा पहिला नंबर येणार आहे."

"बाई, मी तिले सबूत देल्ली हाये." सबूत म्हणजे शब्द. मी बरं म्हटलं आणि तिच्यासमोर थोडी हसले. तुम्ही रविवारी हसलात, तसंच.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी मंदा इंजेक्शन घ्यायला दवाखान्यात गेली होती. मी सगळ्यांचे संच टेबलावर मांडत होते. प्रत्येकाला नावाची चिठ्ठी, घड्या सारख्या, कोपरे एका रेषेत. मंदाचा संच सगळ्यात सुंदर होता. पांढऱ्या मलमलीचा. दोनपैकी एका झबल्याची खालची कड पूर्ण दिसत होती, कारण तिथे तिने कापडाचा काठच खाली घेतला होता, दुमडायची गरजच ठेवली नव्हती. दुसऱ्याला दुमड होती आणि ती चार बोटं उघडी होती. तिथून कापड लोंबत होतं. सगळ्या रांगेत तेवढंच वाकडं.

मी ते उचललं, जवळच्या मशीनवर ठेवलं आणि चार बोटं टीप मारली. तुरपाई करायला वेळ नव्हता. मनाशी म्हटलं, उद्या परीक्षा झाली की उसवून ठेवीन, तिला कळणारही नाही. हे काम अर्ध्या मिनिटाचं होतं.

परीक्षेला बुलढाण्याहून एक निरीक्षक बाई आल्या. मंदाचा पहिला नंबर आला. लगेच दुपारी घरच्या मंडळींसाठी प्रदर्शन होतं, आणि टीप उसवायचं माझ्या डोक्यातून पार गेलं होतं. गोदाबाई बाजार सोडून आल्या होत्या, नवं लुगडं नेसून. सून पहिली आली म्हणून त्या टेबलाशी थाटात उभ्या होत्या. त्यांनी झबलं हातात घेतलं आणि सवयीने उलटं केलं.

त्यांचं बोट दुमडीवरून फिरत गेलं आणि थांबलं.

"हे कोनं मारली व?"

मंदाने पाहिलं. पाहिल्याबरोबर तिला कळलं. तिची टीप नव्हती ती, तिचं काम ती ओळखणार नाही का? तिने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी दोन हात अंतरावर निरीक्षक बाईंना चहा देत होते. त्या म्हणत होत्या, खेडेगावात इतकी शिस्त मी पाहिली नाही. मी मंदाकडे पाहिलं, आणि पुन्हा त्यांच्याकडे वळले.

"म्याच मारली, माय," मंदा म्हणाली.

"तू सबूत देल्ली होती मले."

"राह्यलं ध्यानातून."

गोदाबाईंनी झबलं टेबलावर ठेवलं, घडी न करता, आणि निघून गेल्या.

पंधरा दिवसांनी मंदाला बुलढाण्याला नेलं. मुलगा झाला, जिवंत नव्हता. नाळेचा वेढा गळ्याला बसला होता.

तुम्ही शिकलेली मुलं आहात, तुम्हाला सांगायला नको की नाळेचा आणि शिवणीचा काही संबंध नसतो. मला त्या दिवशीही तेच माहीत होतं आणि आजही तेच माहीत आहे. पण महिन्या-दीड महिन्याने कळलं की मंदाला देऊळघाटला माहेरी पाठवलंय आणि परत बोलावणार नाहीत. कारण विचारायची मला गरज नव्हती.

त्यानंतर मी काय केलं? काही केलं नाही. मी स्वतःशी वाद घातला आणि तो फार व्यवस्थित घातला. म्हटलं, मी जाऊन सांगितलं की टीप माझी होती, तर त्याचा अर्थ टिपेने मूल गेलं असं मी मान्य केल्यासारखं होईल. शिकलेल्या बाईनेच अशा समजुतीला बळ द्यायचं का? हा मुद्दा मी आजोबांनाही ऐकवला. ते गणिताचे मास्तर. म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे. पण तो तू ऐकवते आहेस कोणाला?" आणि पेपर वाचू लागले. मला राग आला. चार महिने मी तो मुद्दा धरून बसले होते. त्या चार महिन्यांत मंदाच्या मशीनवर मी दुसऱ्या मुलीला बसवलं.

शेवटी एका बाजाराच्या दिवशी गेले. गोदाबाई मेथीवर पाणी शिंपडत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं की टीप मी मारली होती, मंदाने नाही.

त्यांनी मान वर केली नाही. "तुमी तं तिथंच उभ्या होत्या."

"हो."

"मंग तवा काऊन नाई बोलल्या?"

मी म्हणाले, "गोदाबाई, त्या टिपेमुळे मूल गेलं नाही. डॉक्टरांनी..."

"नाळ अटकली. मलेबी सांगतलं डाक्टरनं. मी अडानी हावो बाई, बह्यरी नाई." आता त्यांनी वर पाहिलं. "त्या टिपेसाठी धाडलं व्हय मी तिले? माह्या तोंडावर खोटं बोल्ली म्हून धाडलं. अन् वरतून लेकरू गेलं. मले वाटलं, जिले एवढ्या गोष्टीची सबूत पाळता नाई येत, ते काय घर पाहीन."

मी चार महिने ज्या समजुतीशी भांडत होते ती त्या बाईच्या मनात नव्हतीच. असली तर बाकीच्यांच्या असेल. मी जिच्याशी वाद घालत होते ती गोदाबाई मी स्वतःच तयार केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या दारात आल्या. "चाला. तुमच्या तोंडानं सांगा तिले." आम्ही जीपने निघालो. देऊळघाटला मंदा अंगणात बसून शेंगा फोडत होती. वाळली होती. आम्हाला पाहून उठली, पाणी आणलं, आणि पुन्हा शेंगांपाशी बसली.

"मंदे, चाल घरी," गोदाबाई म्हणाल्या. "मले समजलं सारं."

"काय समजलं?"

"टीप तुही नव्हती म्हून."

मंदा शेंगा फोडत राहिली. "अन् नसतं समजलं तं?"

गोदाबाईंनी एक शेंग उचलली आणि उलटी करून पाहिली.

"चार महिने झाले, माय. तुमी नाई आल्या, तुमचा लेक नाई आला. माहं लेकरू गेलं, मले कोनी इचारलं नाई, पोट्टी, कशी हायेस म्हून. टीप समजली म्हून आले तुमी. मी येत नाई."

मग ती माझ्याकडे वळली. तिचा आवाज चढला नाही. "बाई, तुमी मार्कासाठी केलं, मले माहीत हाये. साऱ्याइच्या पुढं तुमची मान खाली नको जायले म्हून मी म्हनलं, म्याच मारली. मले वाटलं, संध्याकाळी तुमी घरी येसान, सासूले सांगसान. मी दिवा लागेलोक वाट पाह्यली."

परतताना जीपमध्ये गोदाबाई पदर तोंडावर घेऊन बसल्या होत्या. पुढच्या वर्षी त्यांच्या मुलाचं दुसरं लग्न झालं. त्या मला बाजारात दिसत, मला भाजीही देत, पण माल उलटा करून दाखवत नसत, आणि मीही पाहत नसे.

मंदा वर्षाने एकदा धाडला आली, प्रमाणपत्र न्यायला. तिचा संच मी कपाटात ठेवला होता. तो मी पुढे केला. तिने माझ्या टेबलावरचं अर्धं ब्लेड घेतलं आणि उभ्या उभ्या माझी टीप उसवली. एकेक टाका, कापड न ओढता, मीच शिकवलं होतं तसं. मग ते एक झबलं तिने माझ्यासमोर ठेवलं, बाकीचा संच पिशवीत घातला.

"हे तुमच्यापाशी राहू द्या," म्हणाली. "हे असंच राहू द्या."

ती देऊळघाटलाच राहिली. शाळेचे गणवेश शिवते, दप्तरं, पिशव्या, अभ्रे. तान्ह्या बाळाचं काही शिवत नाही. सुरुवातीला बायका तिच्याकडे तसं काम घेऊन येत नसत. नंतर येऊ लागल्या तेव्हा तीच परत पाठवू लागली.

हे लिहायच्या आधी तिला विचारणं भाग होतं. परवा बसने देऊळघाटला गेले. तिचे केस माझ्याइतकेच पांढरे झालेत. मी सायलीचं सांगितलं आणि विचारलं, लिहू का?

"लिहा ना. मी काय आता नवी नवरी हावो लपाले?" मग मशीन थांबवून म्हणाली, "किती बोटं लिहिसान?"

"चार."

"तुमची नाई. सासूची चार. तिची बोटं जाड होती."

मला राहवलं नाही. म्हटलं, "मंदा, पाचातलं एक झबलं तू शिवशील? सायलीच्या बाळाला?"

तिने मान हलवली. "ते काम मी करत नाई, बाई." मी उठले. दारापर्यंत आले तेव्हा तिने हाक मारली आणि एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पांढरा दोरा गुंडाळून माझ्या हातात दिला. "सुती हाये. पोट्टीले म्हना, तिकडचा नायलॉनचा नको वापरू. लेकराले रुतते."

तर सायली, पार्सलमध्ये पाच झबली आहेत. तुझ्या आजोबांच्या धोतराची. शिवणी बाहेरच्या बाजूला आहेत, ते चुकलेलं नाही. प्रत्येकाची दुमड एका बाजूला उघडी आहे. सुई डबीत आहे, दोरा पुठ्ठ्यावर. बाळ आलं की लांब टाक्यांची तुरपाई कर, वाकडी झाली तरी चालेल. तुमच्या दोघांच्या वेळीही मी अशीच ठेवली होती. तुमच्या आईने कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. माझा कशावर विश्वास बसला असं समजू नकोस. एका मुलीने एक शब्द दिला होता आणि तो मी तिच्या नकळत मोडला. माझ्या हातून होण्यासारखं आता एवढंच आहे की पुन्हा कोणाची दुमड मी पुरी करत नाही.

क्लासची खोली भाड्याने दिली, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. पाच मशीन विकली, माहेरचं गंजलं. इंग्रजी वहीला वाळवी लागली, लाल शीर्षकं तेवढी कुठे कुठे वाचता येतात. गोदाबाई गेल्या, आजोबा गेले. मलमलीचं ते झबलं माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे. पिवळं पडलंय, विरलेलं नाही. दुमड उघडी आहे, आणि जिथे मी टीप मारली होती तिथे सुईची भोकं अजून दिसतात.

तुमची
आजी